परवाना नसलेला माणूस

लातूरला आगगाडीनं पाणी येऊ लागलं, त्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळच्या चांगुणाबाई लेकीकडं ऑस्ट्रेलियाला गेल्या. लेक पंचशीला तिथं नर्स होती. एका रविवारी ती आईला बॅलरॅटला घेऊन गेली. दीडशे वर्षांमागं सोन्यासाठी जगभरची माणसं तिथं धावली होती. त्या काळचं गाव आता बघणाऱ्यांसाठी पुन्हा उभारलेलं होतं.

चांगुणाबाईंना काही उमगेना. बाया पायघोळ झगे घालून फिरत होत्या, घोडागाड्या पळत होत्या. ओढ्याकाठी माणसं पसरट थाळ्यांत वाळू धूत होती.

"ही माणसं इथंच राहतेत का गं?"

"न्हाई माय, नोकरी हाय त्यांची. जुन्या काळासारखं करून दाखवतेत."

"कशापायी?"

तेवढ्यात पंचशीलाला फोन आला, ती बाजूला गेली.

इकडं लाल कोटवाले शिपाई बंदुका घेऊन आले. वाळू धुणाऱ्या एका दाढीवाल्याला त्यांनी दरडावून काहीतरी मागितलं. त्यानं खिसे उलटे करून दाखवले. शिपायानं त्याची गचांडी धरली. थाळी चिखलात पडली.

लातूर जिल्हा व्हायच्याही आधी, नामांतराच्या दंगलीत, चांगुणाबाईंच्या नवऱ्याला दारातून असंच धरून नेलं होतं. त्या तेव्हाही आडव्या गेल्या होत्या. आताही बघणाऱ्यांपुढं बांधलेली दोरी ओलांडून थेट मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"सोड त्येला! काय केलंय त्यानं? घाम गाळून राहिलाय बिचारा!"

शिपाई थबकला. दाढीवालाही. बघ्यांनी हसत टाळ्या वाजवल्या. चांगुणाबाई गोंधळल्या. माणसाला धरून नेतेत आन् हे हसतेत कसे?

पंचशीला धावत आली. "माय, नाटक हाय ते! सोनं काढायचा सरकारी परवाना न्हाई म्हणून पूर्वी धरायचे, तेच दाखवतेत."

"म्हंजे असं झालंच न्हाई?"

"झालतं. लई वर्षांमागं."

"मग खरंच की!"

दाढीवाला टोपी काढून जवळ आला, इंग्रजीत काही बोलला. पंचशीलानं सांगितलं, "म्हणतोय, मला रोज धरून नेतेत, पण आजपातुर कुणी सोडवाया आलं न्हाई."

हसावं की रडावं, चांगुणाबाईंना कळेना. त्यांनी पदरानं त्याच्या बाहीवरचा चिखल पुसला.

"उद्या बी धरणार का याला?"

"हाव."

"मग सांग त्येला, उद्या येऊ नको म्हणून."

पंचशीलानं इंग्रजीत नेमकं काय सांगितलं, ते काही त्यांना समजलं नाही. दाढीवाल्यानं मात्र मान हलवली, थाळी उचलली आणि तो पुन्हा ओढ्यात उतरला.