मी अजून भरलेले नाही

मित्रांनो, मी एक जुने लाकडी शहर आहे. नगरपालिकेच्या सभागृहाबाहेर एका भल्यामोठ्या टेबलावर मी पसरलेले असते. या, खुशाल हात लावून पाहा.

मला घडवले नगररचना खात्यातल्या एका सुताराने. तेव्हा खरे शहर नुकतेच वाढू लागले होते. बाहेर एखादी इमारत उभी राहिली, की तो तशाच आकाराचा ठोकळा घासूनपुसून माझ्या अंगावर चिकटवायचा. शाळेतली मुले यायची, आपापले घर शोधायची आणि सापडले की किंचाळायची. पाहुण्यांना नगराध्यक्ष आधी मला दाखवायचे. काय थाट होता माझा!

पुढे ठोकळ्यांना जागा उरेना. सुतार निवृत्त झाला, भिंतीवर चकचकीत पडदा आला आणि माझ्यावर फायली, छत्र्या, उष्टे कप येऊन बसले. "शहर भरलं, आता याचं काय काम?" असे जो तो म्हणे. मला भारी राग यायचा. भरले? तुम्ही नीट पाहिलेच कुठे?

मग पुढच्या काळात शहराने कसे वाढायचे, हे ठरवायची वेळ आली. घरे कमी पडत होती. अध्यक्षांनी तोडगा काढला, की शाळेमागचे एकुलते एक मैदान बांधकामाला द्यावे. नगररचनाकार बाईंनी साफ नकार दिला.

"मग घरं काय आभाळात टांगायची?" अध्यक्ष कडाडले.

बाईंनी माझ्यावरचा पसारा उचलला, ओल्या फडक्याने मला पुसले आणि सर्वांसाठी खुल्या सभेच्या दिवशी चौघांच्या मदतीने मला थेट सभागृहात नेले. शेजारी कोरे ठोकळे ठेवून त्या लोकांना म्हणाल्या, "घरं हवीत ना? मग कुठं, ते लावून दाखवा. मैदान सोडून!"

आधी एक नर्स उठली. "मी इथल्या दवाखान्यात राबते आणि दोन गाड्या बदलून घरी जाते," ती म्हणाली. तिने आपला ठोकळा बंद पडलेल्या बाजारसंकुलाच्या ओसाड वाहनतळावर ठेवला. एका शिंप्याने आपल्या बैठ्या दुकानावर मजला चढवला. "वर लेकीचा संसार थाटला तर मला हवंच आहे."

तेवढ्यात वाहनतळाच्या मागे राहणारे एक आजोबा तरातरा आले आणि त्यांनी नर्सचा ठोकळा उचलला. "माझ्या गॅलरीतलं ऊन जाईल!"

नर्सने तो पुन्हा ठेवला. आजोबांनी पुन्हा उचलला. दोघेही हट्टाला पेटले. बाईंनी टेबलावरचा दिवा सूर्यासारखा माझ्यावर धरला. सावली खरेच आजोबांच्या गॅलरीवर पडली.

"आजोबांचं बरोबर आहे," नर्स म्हणाली. तिने ठोकळा आडवा फिरवून रस्त्याकडे सरकवला. सावली डांबरावर गेली.

आजोबांनी वाकून, डोळे बारीक करून पाहिले. "मध्ये झाडं लावणार असाल, तर बघू," ते गुरगुरले.

अध्यक्षांनी तरीही मैदानाचा ठराव मताला टाकला. विरोधात नगरसेवकांचे हात वर होऊ लागले. त्यांत त्यांची सख्खी मेहुणीही होती. ती नगरसेविका.

"तूसुद्धा?"

"भावोजी, घरी तुमचं ऐकते तेवढं पुरे!"

ठराव आपटला. वाहनतळावर घरे आणि दुकानांवर मजले, हेच शहराचे धोरण ठरले. वाहनतळावर पाया खणला गेला, त्या दिवशी नर्सने ठोकळ्याला सरस लावला आणि आजोबांनी तो माझ्यावर गच्च दाबून धरला. "घाई करू नका. नीट बसू दे," ते म्हणाले.

मित्रांनो, आपले शहर जपा. सभेला जा, भांडा, दुसऱ्याच्या उन्हाचाही विचार करा. आणि मैदानाकडे कुणाचा हात गेला, तर तो तिथेच धरा.