बादलीच्या मागून गेलेला माणूस

"थांबव गाडी! मला उतरू दे," वेलिचका एकदम उठून म्हणाली. कामगारांची बस तेव्हा पिरिन डोंगराच्या घाटातल्या तिसऱ्या वळणावर होती.

"आता काय विसरलीस ताई?" ड्रायव्हर हसला. "मघाशी शेगडी म्हणालीस, मग किल्ली. किल्ली तर तुझ्याच खिशात निघाली!"

बसमध्ये बसल्यापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. शेगडी विझवली होती, कुलूप दोनदा ओढून पाहिलं होतं, तरी काहीतरी राहिलंय असं मन सारखं सांगत होतं. आणि आता ते आठवलं. वांगेलकाका!

एकतीस वर्षं ती खालच्या फलाटावर स्कीवाल्यांना रोपवेच्या खुर्च्यांवर बसवत होती. चार वाजले की ती एका रिकाम्या खुर्चीला लाल बादली अडकवायची. बादली वर पोचली म्हणजे मागे कोणी नाही, असं समजून वरच्या टोकाचं यंत्र सांभाळणारा स्तामेन रोपवे बंद करायचा. राष्ट्रीय उद्यान झाडं तोडू देत नाही म्हणून नवा रोपवे आला नाही, आणि नवा रोपवे नाही म्हणून बादली टिकली. फोन होता, पण तो वाऱ्याच्या मर्जीवर चालायचा.

आजही बादली गेली, आणि मागोमाग वांगेलकाका धापा टाकत आला. वरच्या खानावळीत घेवड्याचं सूप करणारा म्हातारा, तिथंच राहणारा. "पोरी, दाढ काढून आलोय. आता काय पायी चढू?" तिला कीव आली. बादलीमागच्या दहाव्या खुर्चीवर तिनं त्याला बसवलं. स्तामेनला फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावू म्हटलं, तेवढ्यात खाली उतरलेल्या एका बाईची स्की जाळीत अडकली. ती सोडवण्यात फोन राहूनच गेला.

बसमधून उतरून ती चढावरून परत धावत सुटली. उद्यानाच्या फाटकावर रखवालदार आडवा आला.

"चारनंतर यंत्र सुरू करायचं नाही, ताई. नियम आहे."

"वर माणूस लटकलाय रे! नियम घाल चुलीत!"

रखवालदार बाजूला झाला. तिनं खालून यंत्र सुरू केलं तेव्हा पाच वाजत आले होते. थोड्या वेळानं खानावळीतून फोन आला. "दाढ दुखायची थांबली बघ," वांगेलकाका कुडकुडत म्हणाला, "सगळं तोंडच बधिर झालंय." त्याची दोन बोटं थंडीनं गोठली होती, बाकी तो धड होता. फोन ठेवल्यावर वेलिचका लहान मुलीसारखी रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर लाझारोवने तिला आणि स्तामेनला ऑफिसात बोलावलं.

"चारनंतर यंत्र का चाललं, हे उद्यानाला लिहून द्यायचंय. चूक कोणाची, तेही," तो म्हणाला. "स्तामेन, धुकं होतं हे मान्य. पण बादली यायच्या आधीच बंद केलंस ना? घेऊन आला असशील थोडी. आधीच दोनदा ताकीद मिळालीय तुला. या वेळी घरी बसावं लागेल."

"लिहा साहेब," स्तामेन जमिनीकडे बघत म्हणाला. "माझंच लक्ष नव्हतं."

"आणि वेलिचकाबाई, तुम्ही धावत परत आलात म्हणून म्हातारा वाचला. तुम्हाला कौतुकाचं पत्र देतोय."

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पेन्शन दोन वर्षांवर आलं होतं. गप्प बसलं की झालं! कोणी विचारतसुद्धा नव्हतं. तिनं स्तामेनकडे पाहिलं, तर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"साहेब, बादली आधी गेली," ती म्हणाली. "काकाला मी मागून बसवलं. यानं बरोबरच बंद केलं. माझं नाव लिहा."

लाझारोवने पेन खाली ठेवलं. "कळतंय ना काय बोलताय? मग यंत्रापाशी परत उभं राहता येणार नाही. दोन वर्षं बूट भाड्यानं द्यायच्या खोलीत काढावी लागतील."

"काढीन."

बाहेर आल्याबरोबर स्तामेन उखडला. "डोकं फिरलंय का तुझं? मी गेलो असतो मेंढ्यांकडे! उन्हाळ्यात तेच तर करतो."

"बादली बघितली होतीस ना तू?"

"बघितली म्हणूनच बंद केलं."

"मग खोटं कशाला बोललास मेल्या?"

"मला चढलेली असायची तेव्हा माझ्यासाठी तू किती वेळा खोटं बोलली होतीस? तेव्हा मी विचारलं का, कशाला म्हणून?"

तिला हसू आलं. दोघं फलाटापर्यंत गेले. स्तामेनला वर कामावर जायचं होतं. तिच्या जागेवर आज नेवेना नावाची नवी मुलगी होती. मागून खुर्ची आली, तशी ती अडवायला वेलिचकानं दोन्ही हात पुढं केले. पण नेवेनानं खुर्ची आधीच धरली होती.

"हळू गं," वेलिचका म्हणाली, "डावा गुडघा दुखतो त्याचा."

"हो काकू."

स्तामेन वर गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. वेलिचका चढायच्या जागेवरच उभी राहिली. पुढची खुर्ची आली, ती रिकामीच गेली, मग तिच्यामागची.

"ओ बाई," रांगेतला कोणीतरी ओरडला, "बसताय की नाही?"

"नाही, तुम्ही बसा," असं म्हणून वेलिचका बाजूला झाली.