मुरलेला चुना

आमच्या गावात दोन गोष्टी मुरतात, लोणचं आणि भाऊबंदकी. शमशेरचाचा चुना मुरवायचे.

खर्ड्याच्या रस्त्याला एक जुना घुमट आहे. त्याच्या आतला गिलावा चाचांच्या वडिलांच्या हातचा. घुमटाला चीर गेली तसा चाचांनी परसात हौद खणला आणि चुना भिजत घातला. असा चुना मुरायला वर्षं लागतात आणि त्यावर कायम पाणी लागतं. उघडा पडला की संपला. चुना मुरत आला आणि चाचांच्याच अंगावरून वारं गेलं. पाणी घालायचं काम अख्तरीचाचींकडे आलं. खाटेवरून चाचांचं एकच चालायचं, "चीर वाढली का गं?"

गाव मोठं प्रेमळ. चाचांचा घोर मिटवायचाच, असं ठरलं. एका सकाळी सरपंच कानिफनाथ पेढे घेऊन हजर.

"चाचा, निवांत ऱ्हावा आता. चीर बुजवली. सगळ्या घुमटाला वरनं सिमेंट, त्यावर ऑइलपेंट. नातवंडांनासुदिक बघायला नको!"

चाचांनी पेढा खाल्ला. "लई ब्येस केलं, बाबा."

सरपंच गेल्यावर चाची उसळल्या, "खरं सांगायला काय झालं हुतं? आत वल कोंडंल, मामंजींचा गिलावा गळून पडंल."

"माज्यासाठी केलंय गं त्यांनी. शिव्या कशा देऊ?" मग म्हणाले, "तू चुन्याला पानी घालत जा. कवातरी काढतील सिमेंट."

उन्हाळ्यात चाचा गेले. पावसाळ्यात घुमट आतून पाझरू लागला. गावानं लगेच निदान केलं: घुमट चाचांसाठी रडतोय. गुरुवारी चादरी आल्या, नारळ आले. चपला सांभाळायला माणूस नेमावा लागला.

चाची सरपंचाकडं गेल्या. "कानिफनाथा, ते सिमेंट काढ. चुना तयार हाय."

कानिफनाथाचे डोळे भरून आले. "चाची, चाचांसाठी रडतोय तो. त्याला गप कसं करायचं?"

ते डोळे खोटे नव्हते. चाची आल्या पावली परतल्या.

दिवाळीनंतर गिलाव्याचे पोपडे पडू लागले. लोक ते कपाळाला लावून घरी नेऊ लागले. पहिला मान चाचींचा. त्यांच्या ओंजळीत आलेल्या पोपड्यावर सासऱ्यांच्या थापीचं वळण अजून दिसत होतं.

परसात येऊन त्यांनी तो हौदात सोडला, आणि वर घागर रिती केली.