यादीतून न निघालेली डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. पत्र्याची नव्हे, प्रोग्राममधली. लिंबागणेशजवळच्या एका विहिरीवर मोटरीच्या पेटीत बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्युटर आहे, त्यात मी राहते.

मला घडवलं ऋतुजानं. अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकणारी गुणाची पोर! तिनं 'मोटर चालू कर' असं फंक्शन, म्हणजे यंत्राला द्यायचा हुकूम, लिहिलं. पण लाईट आली की कोणती कामं करायची याची यंत्रात जी यादी असते, तिला नुसतं फंक्शन चालत नाही. तिला एकच काम जाणणारी वस्तू लागते. म्हणून फंक्शनचं नाव दिलं, की यंत्रच त्याला डबीत घालून यादीत बसवतं. ती डबी मी. लाईट आली की मी उघडायचं आणि मोटर चालू व्हायची. दोन वर्षं इमानानं चाकरी केली. ऋतुजाचे वडील रामप्रसाद गावभर लेकीचं कौतुक सांगत फिरले. माझं नाव कुणी काढलं नाही. असो, डबीला कोण विचारतं!

परवा दुपारी लाईट नसताना सालगडी सटवा अडकलेला पंप खोलायला विहिरीत उतरला. लाईट आली तरी मोटर सुरू होऊ नये म्हणून पेटीपाशी बसलेल्या ऋतुजानं मला यादीतून काढायला घेतलं आणि इथंच घात झाला. काढतानाही तिनं फंक्शनचंच नाव दिलं. यंत्रानं त्याची नवी कोरी डबी केली आणि यादीत तीच शोधली. सापडणार कशी? यादीत तर मी होते! न सापडल्याची तक्रार करायची यंत्राची रीत नाही. पडद्यावर 'काढले' उमटलं, कारण पुढच्या ओळीत तिनंच तसं लिहून ठेवलेलं.

"घाल हात सटवा," रामप्रसाद वरून ओरडले.

सटवानं पंपाच्या पंख्यात हात घातला. मी अजून यादीतच होते, पण ओरडून सांगू कशी? मला एकच काम येतं.

सटवाची बायको मनकर्णा पेटीकडं आली. "मालक, आदी फ्यूज काढा."

"कावून? पोरीवर भरवसा न्हाई का तुजा?"

"पोरगी लई हुशार हाय. पन हात माज्या नवऱ्याचा हाय." तिनं फ्यूज ओढून काढला.

तेवढ्यात लाईट आली. मी उघडले. पडद्यावर अक्षरं आली: 'मोटर चालू'.

रामप्रसाद विहिरीत वाकून ओरडले, "सटवा, हात काढ, वर ये!" सटवा वर येताच ऋतुजानं रडत त्याची बोटं चाचपली. पाचही होती.

मित्रांनो, मी वाईट नाही, पण मला माया कळत नाही. ज्या डबीला कामाला लावलंत, तिला नाव देऊन सांभाळा आणि काढताना तीच काढा. मी अजून यादीतच आहे.