ताणा उतरेपर्यंत

घरपट्टी थकली म्हणून तांडापेठेतलं रामाजी कोष्ट्याचं घर लिलावात निघालं, तेव्हा बोली बोलायला एकटे भैयाजी उभे राहिले. जातभाईच्या घरावर बोली लावायची नाही, असं सगळ्या पेठेनं ठरवलं होतं. भैयाजीही कोष्टीच, पण माग सोडून गिरणीत हजेरी-कारकून झाल्याला त्यांना बारा वर्षं झाली होती, आणि ठरवताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हा मुद्दा त्यांनी नंतर पुष्कळांना समजावून सांगितला. कोणाला पटला नाही.

घर त्यांना हवंच होतं. ते, बायको रुख्माबाई आणि मुलगी पुष्पलता भाड्याच्या एका खोलीत राहत, आणि दिवाळीला ती खोली रिकामी करायची होती. होतं नव्हतं ते सगळं, रुख्माबाईच्या पाटल्यांसकट, रामाजीच्या दोन खोल्यांत गेलं.

कब्जा द्यायला बेलीफ आला, तेव्हा रामाजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणत होता. बेलीफ जबलपूरकडचा. त्यानं मागाकडे पाहिलं आणि शिपायाजवळ सुरी मागितली. भैयाजींचा हात आपसूक त्याच्या मनगटावर गेला. चालता ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, कापणं म्हणजे जेवत्या माणसाला भरल्या ताटावरून उठवणं.

"हा ताणा उतरू दे गा भैयाजी," रामाजी म्हणाला. "मंग एक दिवस राहत नाही."

चार लुगड्यांचा ताणा, म्हणजे दीड महिना. भैयाजी हो म्हणाले. बेलीफानं कब्जा मिळाल्याची त्यांची सही घेतली, आणि सरकारदरबारी भैयाजी त्या दिवसापासून सहकुटुंब तिथं राहू लागले.

दीड महिन्यानं ते गेले, तर ताणा आपला मागावरच. जुना संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नव्याचा धागा, बोटाला राख लावून, पीळ देऊन जोडायचा. नाही तर सगळेच्या सगळे धागे फणीतून पुन्हा ओवावे लागतात. याला सांधणी म्हणतात, आणि ती प्रत्येक कोष्टी करतो. रामाजीनं फसवलं, असं काही म्हणता येत नव्हतं. ताणा उतरलाच नव्हता.

"कोष्ट्याच्या पोटी येऊन हे कसे इसरले तुम्ही?" रुख्माबाईनं विचारलं. "तुमच्यापरीस तो बेलीफ बरा."

दिवाळीला ती पुष्पलताला घेऊन काटोलला भावाकडे गेली. भैयाजी गिरणीतल्या एका दोस्ताच्या ओसरीवर निजू लागले. दर रविवारी ते आपल्या घरी पाहुणे म्हणून जात. रामाजीची बायको जिजाबाई चहा देई. ताण्याचा विषय कोणी काढत नसे. रामाजीचा खोकला मात्र दर रविवारी वाढलेला असे.

माघात तो गेला. चौथ्या दिवशी भैयाजी भेटायला आले. माग होता तिथंच होता. अर्धे धागे सांधलेले, अर्धे लोंबत.

"विणता मले येते," जिजाबाई म्हणाली. "सांधाले डोये राहिले नाही. पेठेत सांगून पाह्यलं. म्हणते, घर भैयाजीचं, तर ताणाही त्यालेच इचार."

भैयाजींनी लोंबत्या धाग्यांकडे पाहिलं.

"कापा न मंग. मी काई म्हणत नाही. माह्या भावाले निरोप धाडते, न्याले ये म्हणून."

तिनं कात्री आणून मागावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

काटोलला पत्र टाकायचं भैयाजींनी सकाळीच ठरवलं होतं, आणि घर मोकळं झालं, या, असा मजकूरही मनात तयार होता. मग त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. चूल तीन दिवस पेटली नव्हती. तिच्यातली थंडगार राख चिमूटभर घेऊन ते खड्ड्याच्या काठाशी बसले.

पहिला धागा घेताना त्यांना वाटलं, बारा वर्षांत बोटं विसरली असतील. धागा तुटेल, दुसरा तुटेल, मग जिजाबाईच म्हणेल, राहू द्या. संध्याकाळपर्यंत ते वाट पाहत राहिले. एकही तुटला नाही.