गव्हाळ थर

मित्रांनो, मी एक जुनं तैलचित्र आहे. माझ्यातल्या बाईला चेहरा नाही, म्हणून घाबरू नका. पूर्वी होता.

मला नेरेइदानं रंगवलं, न्यूयॉर्कमधल्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. समोर तिची आई दोमिंगा बसली होती. कॅरिबियन बेटावरच्या डोमिनिकन रिपब्लिक देशातून आलेली, तीस वर्षं परक्यांच्या कचेऱ्या पुसलेली. दर शनिवारी ती कुरळे केस सरळ करायला केसांत मोठे रोलर गुंडाळायची, तशीच लेकीनं तिला काढली. तिचा काळाभोर रंग जमवायला अकरा दिवस गेले. दोमिंगाकडे इतका वेळ कुणी कधी पाहिलं नव्हतं. मला फार अभिमान वाटायचा.

दोमिंगाला मात्र लाज वाटली.

"अगं, नाताळला तुझी मावशी येतेय बेटावरून. भिंतीवर ही कोळशाची गोण बघून काय म्हणेल? जरा उजळ कर की."

"आई, हा तुझाच रंग आहे."

"माझा? आमच्याकडच्या ओळखपत्रावर गव्हाळ लिहिलंय माझा रंग. सरकार काय खोटं बोलतंय?"

"हो, बोलतंय! आणि तूही बोलतेस!"

लेक कामाला गेल्यावर दोमिंगानं तिचेच रंग घेतले आणि माझ्या चेहऱ्यावर गव्हाळ थर चढवला. अगदी जपून, पावडर लावतात तसा. मावशी आली आणि म्हणाली, "बाई बाई, दोमिंगा, अमेरिका मानवली हो तुला!" दोमिंगा सुखानं हसली. नेरेइदानं मात्र मला पाहिलं आणि घर सोडलं. आईचा फोनही ती घेईना. फेब्रुवारीत कचेरीचा जिना पुसताना दोमिंगा कोसळली, ती उठलीच नाही.

मग नेरेइदानं घरातले सगळे फोटो धुंडाळले. प्रत्येकात आई पावडर थापून बसलेली. खरा चेहरा उरला होता फक्त माझ्यापाशी, त्या थराखाली. तिनं कापसावर टर्पेंटाइन घेतलं आणि पुसायला लागली. गव्हाळ रंग सुटला, पण खालचा काळाही त्याच्याबरोबर कापसावर आला. उरलं नुसतं कापड.

"आई गं, मीच पुसलं तुला!" असं म्हणत ती खाली बसली.

त्यानंतर तिनं ब्रश हातात धरला नाही. मी कपाटामागे धूळ खात आहे.

मित्रांनो, आपलं माणूस आहे त्या रंगात डोळे भरून पाहून घ्या. मी स्वतःला कधीच पाहिलं नव्हतं. समोर बसलेल्या दोमिंगाला पाहूनच मला माझा चेहरा ठाऊक होता. आता मलाही तो आठवत नाही.