सण नसताना आलेली साडी

नेरूळजवळच्या सारसोळ्यात सणवार नसताना भावाने बहिणीला साडी आणली, की गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाहतात आणि गप्प राहतात. दिवाळी नाही, लग्न नाही, बारसं नाही आणि तरी साडी आली, म्हणजे मागोमाग सही येणार हे त्यांना ठाऊक असतं. या रिवाजाबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही. बोलायला लागलं तर घरोघरच्या कपाटातून एकेक साडी बाहेर काढावी लागेल.

गिरजाबाईंच्या हाती तशी साडी आली ती एका साध्या बुधवारी. नेरूळच्या मार्केटातला सकाळचा धंदा उरकून त्या घरी आल्या होत्या. रिकामी पाटी मोरीजवळ उलटी घातली होती आणि उरलेली मांदेली साफ करत त्या मागच्या पडवीत बसल्या होत्या. ती मांदेली भावाच्या घरातल्या जेवणासाठी होती. भावजय मालतीबाई वाशीच्या दुकानाची पिशवी घेऊन आल्या आणि साडी त्यांच्या मांडीजवळ ठेवली. हिरव्या काठांची, चांगली महागातली साडी होती.

"साडी कशाला गं मालती? दिवाली तर लांब हाय."

"असू द्या वन्सं. तुमच्या भावाला वाटलं," मालतीबाई म्हणाल्या आणि नजर चुकवून आत गेल्या.

गिरजाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, पण साडीला लावले नाहीत. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला साडीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

खरं तर त्यांची ही दुसरी सही. पहिली त्यांनी सासरी, दिवाळे गावात केली होती. नवरा काविळीने गेला, पदरी मूल नाही. तेराव्याला दिराने हक्क सोडल्याचा कागद पुढे केला आणि यांनी अंगठा उठवला. 'मला माझं माहेर आहे, तुमचं घर तुम्हाला लखलाभ,' असं वर ऐकवलंही. त्या ठसक्याचं माहेरी तेव्हा फार कौतुक झालं. तेव्हापासून बावीस वर्षं त्या धाकट्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहत होत्या. भावाची दोन्ही मुलं, केतन आणि जागृती, त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. घर वडिलांचं होतं, पण आपण त्यात हिस्सेदार आहोत हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. आपण पाहुण्या नाही, एवढंच त्यांना पुरे होतं.

आता त्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. रणजीत नावाचा बिल्डर होता, मोठा गोडबोल्या. त्याला गावठाणात एकच इमारत बांधायची होती आणि बोलणं दोन घरांशी चाललं होतं, यांच्याशी आणि शेजाऱ्यांशी. ज्याचे कागद आधी साफ होतील त्याच्याशी सौदा होणार होता. शेजाऱ्याच्या तिन्ही बहिणी परवाच सह्या करून गेल्याची बातमी केतनने आणली. केतन नेरूळला घरांच्या खरेदी-विक्रीचा एजंट. भाव कधी चढतो आणि कधी पडतो हे त्याला वासावरून कळतं, असं तोच सांगत असे. घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

संध्याकाळी कमळाकर बहिणीच्या खोलीत आला. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे. या गोष्टीत वाईट माणूस शोधणाऱ्याची निराशाच होईल. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. मग म्हणाला, "बाय, नव्या बिल्डिंगीत आपल्याला दोन फ्लॅट भेटतात. त्यातली खाडीकडची खोली तुजी. आई एकवीरेची आन."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खरं होतं. गिरजाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकच गोष्ट मागितली. बाल्कनीत खाली, बसून हात पोचेल असा एक नळ हवा, मासळी धुवायला. कमळाकरने त्याचीही शपथ घेतली.

जागृतीचं मन मात्र धास्तावलं होतं. ती सव्वीस वर्षांची, वाशीला एका वकिलांच्या कचेरीत दस्त टाइप करायची. हक्कसोडपत्रं तर रोजचीच. समोर नवी साडी नेसलेली बहीण बसायची, शेजारी भाऊ, आणि जागृती टाइप करायची: 'मी स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय.' तोंडी शब्दाचं पुढे काय होतं हे तिने याच कचेरीत पाहिलं होतं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. म्हणून आत्याचा दस्त करताना तिने एक ओळ आपल्या मनाने घातली. गिरजाबाईंना नव्या इमारतीतल्या एका खोलीत हयातभर राहण्याचा हक्क राहील, अशी ती ओळ होती.

कच्चा मसुदा वाचायला सगळे कचेरीत जमले, तेव्हा रणजीतने त्या ओळीवर बोट ठेवलं. आवाज न चढवता तो म्हणाला की अटीचा हक्कसोड त्याला चालणार नाही, मालकीचं टायटल स्वच्छ हवं. नाहीतर उद्या फ्लॅट घेणाऱ्यांना बँक कर्ज देणार नाही. त्याने घड्याळ पाहिलं आणि शेजाऱ्यांचे कागद तयार असल्याचं सहज सांगून टाकलं. केतनने बहिणीकडे असं पाहिलं की जणू तिने घर पेटवलं. कमळाकरची मान खाली गेली.

भावाची ती खाली गेलेली मान गिरजाबाईंना सोसली नाही. त्याला त्यांनी कडेवर वागवला होता.

"पुसून टाक पोरी ते," त्या म्हणाल्या. "भावाकडून कागद लिवून घेतला, तर भाऊबीजेला ओवालू कोनाला?"

चूक म्हणायची तर ही. पण आमच्याकडच्या लाखो बहिणी रोज हीच चूक करतात आणि आपण तिला माया म्हणतो. दुधाचा रतीब लावताना आपण वहीत लिहून ठेवतो. भावाच्या शब्दाचं मात्र लिहून घेतलं तर नात्याला बट्टा लागतो!

तरीही एक वाट उरली होती. घर वडिलोपार्जित, म्हणून रणजीतच्या वकिलाला जागृतीचीही सही हवी होती. तिच्यासाठीही एक साडी आली होती, मोरपंखी. ती अडून बसली असती, आत्याची ओळ राहिली तरच माझी सही, एवढं म्हणाली असती, तर सौदा शेजाऱ्यांकडे गेला असता आणि आत्याची मागची खोली तरी वाचली असती. कायदा माहीत असल्याने हे तिला कळत होतं. ती ते त्या रात्री आईशी बोललीही.

मालतीबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मुलीकडे न बघता सांगितलं, "तुजं अभयशी ठरलंय. हिस्सा मागनारी पोरगी म्हनून तुजी वरात निघेल का? आमीपन सह्या केल्या. मी केली, माज्या आयेने केली. मेलो का आमी?"

जागृतीने दुसऱ्या दिवशी ती ओळ पुसली. कीबोर्डवरचं एक बटण तिने जरा वेळ दाबून धरलं आणि ओळ गेली.

नोंदणीच्या कार्यालयात गर्दी होती. साहेबांनी कागद उलटत, वर न पाहता विचारलं की सही स्वखुशीने करताय ना. गिरजाबाईंनी भावाकडे पाहिलं, भावाने मान हलवली, आणि त्या "हां साहेब" म्हणाल्या. कॅमेऱ्यात फोटो निघाला. पाटी उचलून उचलून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, म्हणून अंगठा यंत्रावर चार वेळा दाबूनही उमटला नाही. पाचव्या वेळी तो उमटला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जागृतीची सही पहिल्याच फटक्यात झाली.

इमारत उभी राहीपर्यंत सगळे भाड्याच्या घरात राहिले. गिरजाबाई हॉलमध्ये झोपत, सगळे झोपल्यावर अंथरूण घालत आणि कुणी उठायच्या आत काढत. जागृतीचं लग्न झालं, ती खारघरला गेली. अधूनमधून गिरजाबाई बांधकामावर जाऊन वर बघत. मिस्त्रीला त्यांनी नळाची जागा स्वतः दाखवली होती, आणि नळ खरोखरच बसला, बाल्कनीत, जमिनीपासून वीतभर वर.

वास्तुशांतीच्या आधीच केतन एक गिऱ्हाईक घेऊन आला. खाडी दिसणाऱ्या फ्लॅटला भलता भाव येत होता आणि असा भाव पुन्हा येत नाही हे तर त्याचं शास्त्रच.

"आत्ता रेट टॉपला आहे, बाबा. आत्ता नाय काढला तर दोन वर्षं बसा बोंबलत. आत्याचं आपन नंतर बघू."

कमळाकर टीव्हीकडे बघत राहिला. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आणि अशा वेळी गप्प बसणं म्हणजे काय हे त्यालाही कळत होतं. घर बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, हा इतका खाली नळ कशाला? केतनने सांगितलं, पाय धुवायला.

उरलेल्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या होत्या. एक कमळाकर-मालतीबाईंची, दुसरी केतनची आणि त्याच्या होणाऱ्या बायकोची. हॉल नवा होता, सोफा नवा होता. तिथे मासळीची पाटी ठेवायची कुठे, हा प्रश्न कुणी तोंडाने विचारला नाही. तो नुसता घरभर फिरत राहिला, आणि गिरजाबाईंना तो ऐकू आला. त्या आपण होऊन म्हणाल्या, मला एक भाड्याची खोली बघा, मला माझं बरं पडतं.

सोसायट्यांमध्ये त्यांना कुणी उभं केलं नाही. मासळी विकणारी एकटी म्हातारी म्हटल्यावर मालक फोन ठेवून देत. 'मासळी-मटण चालणार नाही' ही ओळ केतन आपल्या जाहिरातींत रोज टाकत असे. आता तीच त्याच्या आत्याच्या आडवी आली. शेवटी एका चाळीत खोली मिळाली, अकरा महिन्यांच्या करारावर. मग दुसरी, मग तिसरी. चौथी शिरवण्याला होती, जिन्याखालची. ज्या बाईने उभ्या आयुष्यात दोन घरं सोडून दिली, तिला आता दर अकरा महिन्यांनी आणखी एक सोडावं लागत होतं.

भाऊबीजेला त्या सारसोळ्याला जात. रखवालदार वहीत नाव लिहून घेई, कुणाकडे जायचं ते विचारी. त्या कमळाकरला ओवाळत आणि जेवून संध्याकाळी परत येत. रागावल्या कधीच नाहीत. जागृतीने एकदा रडत माफी मागितली तेव्हा त्यांनीच तिची समजूत घातली, 'तुझा काय दोष पोरी, मीच पुसायला सांगितलं.' ती समजूत जागृतीला चपराकीसारखी लागली.

चौथ्या वर्षी शिरवण्याची चाळही विकली गेली. महिन्याभरात खोली खाली करा, असं मालकाने सांगितलं. गिरजाबाईंनी सामान बांधायला घेतलं. दोन दिवस पाटी बाजारात दिसली नाही, म्हणून शेजारच्या गाळ्यावरची बाई बघायला गेली, तेव्हा दार आतून लावलेलं होतं. दार तोडावं लागलं. बांधलेल्या बोचक्याला टेकून गिरजाबाई बसलेल्या होत्या. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. दुसरं काही लिहायला त्या कागदावर जागाच नसते.

सगळे जमले. कमळाकर लहान मुलासारखा रडला, आणि तेही रडणं खरं होतं. मग बायकांनी आठवण केली की विधवा बहिणीला शेवटची साडी भावाची लागते. कमळाकरने डोळे पुसले, केतनला वाशीला जाऊन चांगली साडी आणायला सांगितलं, किमतीकडे पाहू नको म्हणाला.

जागृती तोवर बोचकं सोडून बसली होती. चार भांडी, देवीचा फोटो, सुरी, आणि तळाशी वाशीच्या दुकानाची पिशवी. तिने ती वडिलांपुढे धरली.

"साडी आणायला नको, बाबा. तुमी दिलेली आहे. तिने घडीपन मोडली नाही."

कमळाकरने हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी शेजारच्या गाळेवालीनेच ती हिरव्या काठांची साडी उलगडली आणि गिरजाबाईंना नेसवली.

जागृती अजून त्याच कचेरीत आहे. दस्त टाइप करण्याआधी ती भावाला झेरॉक्स आणायला पाठवते आणि समोरच्या बाईला हळूच विचारते, 'उद्या भावाने नाही म्हटलं तर राहणार कुठे?' आत्याची गोष्ट सांगते. आपली मोरपंखी साडी आणि ती पुसलेली ओळ, तेही लपवत नाही. बायका ऐकतात, एखादी डोळ्यांना पदर लावते. मग भाऊ जिना चढताना दिसतो, आणि समोरची म्हणते, 'माझा भाऊ तसा नाही हो, ताई.'

आजवर एकही बाई सही न करता उठून गेलेली नाही. जागृती प्रत्येकीला विचारते, आणि मग टाइप करते: 'मी स्वखुशीने.'

वाचणाऱ्या भावांनो, तुमच्या घराचे कागद स्वच्छ असतील याबद्दल मला शंका नाही. तुमच्या बहिणीच्या कपाटात तळाशी एखादी साडी असेल, तर ती तिने एकदा तरी नेसली का, एवढं तिला विचारा.